प्रस्तावना : मागणीच्या पुढचे पान

कल्याण-डोंबिवली महापालिका १ ऑक्टोबर १९८३ रोजी अस्तित्वात आली तेव्हा भोवतालची सत्तावीस गावे तिच्यात आली. २००२ साली ती बाहेर गेली. १ जून २०१५ रोजी पुन्हा आत आली. जून २०२० मध्ये राज्य सरकारने त्यांतली अठरा गावे वगळण्याची अधिसूचना काढली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हद्द बदलण्याआधी महापालिकेशी विचारविनिमय करणे कायद्याने बंधनकारक होते आणि तो झालेला नव्हता, हे त्यामागचे मुख्य कारण.

या निकालाची बातमी वाचली तेव्हापासून हे कारण माझ्या मनात घर करून आहे. जवळजवळ चाळीस वर्षे एक प्रश्न पेटता राहिला. त्यावर मोर्चे निघाले, सभा झाल्या, बैठकांमागून बैठका झाल्या, मंत्रालयात निवेदने गेली. एवढे होऊन शेवटी निर्णय अडला तो, ज्या संस्थेची हद्द कापायची तिचे म्हणणे रीतसर विचारलेच गेले नाही म्हणून. भोपर, निळजे, आजदे, सागाव, दावडी, पिसवली या गावांतल्या माणसांना काय हवे होते, हे आपण सगळे ढोबळपणे जाणतो. बऱ्याच जणांना स्वतंत्र नगरपालिका हवी होती, काहींना महापालिकेत राहून पाणी आणि रस्ते हवे होते. पण ‘आत की बाहेर’ या एका प्रश्नाखाली कितीतरी प्रश्न गाडले गेले. बांधकामाची परवानगी कोणी द्यायची, महापालिकेने की एमएमआरडीएने? पाणी एमआयडीसीकडून येते, मग त्याची पाणीपट्टी कोणी ठरवायची आणि थकबाकी कोणाच्या माथी? मालमत्ता कर कोणत्या दराने आणि किती वर्षांत वाढवायचा? ग्रामपंचायतीच्या काळात उभ्या राहिलेल्या इमारतींचे काय? गावठाणाची वाढ कशी मोजायची? ‘आत’ किंवा ‘बाहेर’ हे उत्तर घोषणेत मावते. या पाच प्रश्नांची उत्तरे मात्र कोणीतरी बसून लिहून काढावी लागतात, आणि त्या लिहिलेल्या कागदाला भूमिकापत्र म्हणतात.

पुढच्या पानांत भूमिकापत्र कसे लिहावे याची रीत आहे. प्रस्तावनेत मला ते का लिहावे, एवढेच सांगायचे आहे.

आपल्या शहरांत कागदांची उणीव नाही. ठाण्यातला किंवा डोंबिवलीतला कोणताही जागरूक नागरिक निवेदन लिहितो, हरकत नोंदवतो, माहितीच्या अधिकारात अर्ज करतो, ‘आपले सरकार’वर तक्रार टाकतो. या प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. निवेदनात आपण मागतो. हरकतीत आपण एखाद्या ठरावीक प्रस्तावातल्या ठरावीक गोष्टीला, ठरावीक मुदतीत, विरोध करतो. माहितीच्या अर्जात विचारतो. भूमिकापत्राचे काम यांच्यापेक्षा मोठे आणि अवघड आहे. त्यात एक गट सांगतो, की या प्रश्नाबद्दल आम्हाला अमुक माहीत आहे, ते कुठून कळले ते असे. आमचे मत हे. त्याची कारणे ही. आमच्या विरुद्ध बाजूचे लोक असे म्हणतात, त्यातले एवढे आम्हाला पटते आणि एवढे पटत नाही. म्हणून आम्ही सुचवतो तो उपाय हा, आणि त्याला लागणारा पैसा, जागा व वेळ अंदाजे इतका. पाच-सात पाने पुरतात. पण ती लिहिताना घाम फुटतो, कारण लिहिणाऱ्यांना आपसात एकमत करावे लागते.

भूमिकापत्राचा खरा उपयोग मी इथे मानतो. ते सरकारकडे जाते, आयुक्तांकडे जाते, वर्तमानपत्रांकडे जाते, हे सगळे नंतरचे. आधी ते लिहिणाऱ्यांनाच बांधून घालते. मोर्चात शेजारी चालणाऱ्या दोघांची मागणी एक असते, पण मनातले उत्तर वेगळे असू शकते, आणि मोर्चा संपेपर्यंत ते कोणाला कळतही नाही. कागदावर एक वाक्य लिहायला बसले की ते लगेच कळते. ‘अनधिकृत बांधकामे पाडा’ या ओळीवर टाळ्या पडतात. ‘ज्यांनी २००५ साली आयुष्यभराची पुंजी घालून अशा इमारतीत घर घेतले त्यांना पाडकामाआधी अमुक ठिकाणी जागा द्या’ ही ओळ लिहायला घेतली की खोलीत शांतता पसरते, मग वाद होतो, आणि त्या वादातून जे उरते ती भूमिका.

ही रीत आपल्याकडे नवी नाही. पुण्याची सार्वजनिक सभा १८७० साली स्थापन झाली. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सभेचे पहिले सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बोलत होते. आज हा नियम वाचताना मन भरून येते. सरकारने मागितलेला हा पुरावा नव्हता. लोकांच्या वतीने बोलायचे तर आधी लोकांनी तसे म्हणायला हवे, ही त्यांची स्वतःची समज होती. पुढे न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात सभेने जमीन महसुलावर, दुष्काळावर, प्रशासनावर जे अभ्यासपूर्ण कागद काढले, त्यांना वजन आले ते या पायामुळे.

जोतीराव फुले यांनी १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेले निवेदन मी प्रत्येक होतकरू लेखकाला आधी वाचायला सांगेन. आपला शिक्षणविषयक अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे, हे जोतीराव स्वतःहून सांगतात. मग आपण कोण, मुलींची शाळा कधी काढली, हा हिशेब देतात. त्यानंतर मुख्य तक्रार : सरकारी महसूल बव्हंशी रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. इथे थांबले असते तर ते उत्तम भाषण झाले असते. ते पुढे जातात. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचे करा. खेड्यातल्या शाळेत मोडी आणि बालबोध, हिशेब, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती शिकवा. मास्तरांचा पगार बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा-वीस असावा. पगाराचा आकडा लिहिणारा माणूस त्या शाळेत शिरून आलेला असतो, हे वाचणाऱ्याला समजते. मागणी आणि भूमिका यांतला फरक मला या बारा रुपयांत दिसतो.

डॉ. आंबेडकरांकडे ही कला कळसाला पोचली. सायमन आयोगापुढे १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी दिलेले निवेदन, भाषावार प्रांत आयोगापुढे १९४८ साली महाराष्ट्राच्या बाजूने मांडलेले टिपण, आणि या दोहोंच्या मधले १९४७ चे ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’. या शेवटच्या कागदाची घडण पाहण्यासारखी आहे. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिताना त्यांनी मागण्या थेट संविधानाच्या कलमांच्या रूपात मांडल्या आणि प्रत्येकाची कारणमीमांसा स्वतंत्र टिपांत दिली. म्हणजे वाचणाऱ्याला हो म्हणायचे असेल तर मसुदा तयार, नाही म्हणायचे असेल तर नेमके कशाला नाही म्हणतोय हे त्याने सांगायला हवे. ‘आम्हाला संरक्षण द्या’ या वाक्याला टाळता येते. कलमाला टाळता येत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो, कारण हे पुस्तक वाचणारा डोंबिवली लोकलमध्ये उभा राहून वाचेल, असे मी गृहीत धरतो.

डोंबिवली एमआयडीसीचा प्रश्न घ्या. या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे. २६ मे २०१६ रोजी प्रोबेस एन्टरप्रायझेस या कंपनीत स्फोट झाला, बारा माणसे गेली, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला आणि पुन्हा माणसे गेली. मधल्या काळात डोंबिवलीचा रस्ता रासायनिक रंगाने गुलाबी झाल्याची छायाचित्रे देशभर पोचली. प्रत्येक वेळी एकच मागणी उठली : कारखाने हलवा. सरकारनेही धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलवण्याची घोषणा केली. मागणी रास्त आहे. मिलापनगर, सुदर्शननगर या निवासी भागात राहणाऱ्या माणसाने रात्री उग्र वास आला की खिडकी बंद करायची आणि सकाळी खोकत ट्रेन पकडायची, हे किती वर्षे चालणार?

पण या मागणीचे भूमिकापत्र करायला बसा, म्हणजे काय काय लिहावे लागते ते दिसेल. औद्योगिक वसाहत १९६० च्या दशकातली. तिच्या आजूबाजूची बरीचशी वस्ती तिच्यानंतर वाढली. कारखान्यांच्या कडेला निवासी इमारतींना परवानगी कोणी दिली? हा प्रश्न कारखानदार विचारणारच, आणि भूमिकापत्रात त्याचे प्रामाणिक उत्तर असले पाहिजे. सगळे कारखाने हलवायचे की फक्त धोकादायक? धोकादायक कोणते, हे कोण ठरवणार : औद्योगिक सुरक्षा संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ की तिसरीच समिती? ज्या कारखान्यात स्फोटक रसायन साठवले जाते आणि ज्यात फक्त कापड रंगवले जाते, त्यांना एकाच यादीत घालायचे का? कारखाने पाताळगंगेला गेले तर तिथल्या नदीकाठच्या गावांना आपण काय सांगणार? आपल्या दाराशी नको ते त्यांच्या दाराशी चालेल, असे ज्या कागदातून निघते तो कागद मी सही करण्याच्या लायकीचा मानत नाही. कामगारांचे काय? त्यांच्यातले कितीतरी याच भागात, नांदिवली-सोनारपाड्यात, भाड्याच्या खोल्यांत राहतात आणि स्फोटात पहिले तेच मरतात. आणि शेवटी, कारखाने गेल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर काय होणार? तिथे टॉवर उभे राहणार असतील तर त्या जमिनीतली रसायने आधी कोणी, कोणाच्या खर्चाने काढायची?

हे प्रश्न विचारले म्हणून मागणी कमकुवत होत नाही. मी उलट पाहिले आहे. ज्या बैठकीत नागरिकांकडे फक्त संताप असतो तिथे अधिकारी तासभर ऐकून घेतात आणि ‘बघतो’ म्हणतात. ज्या बैठकीत कोणी पान तीनवर बोट ठेवून ‘या यादीतल्या कारखान्यांची तपासणी शेवटची कधी झाली, तारीख सांगा’ असे म्हणतो, तिथे संबंधित खात्याच्या माणसाला फाइल मागवावी लागते. संतापाने दार उघडते यात शंका नाही. २०१६ नंतर चौकशी समिती नेमली गेली ती लोकांच्या आवाजामुळेच. पण चौकशी अहवाल आल्यावर त्यातल्या कोणत्या शिफारशी आम्ही मानतो, कोणत्या अपुऱ्या वाटतात, आणि पहिल्या सहा महिन्यांत काय झाले पाहिजे, हे नागरिकांच्या बाजूने लिहिलेले नसेल तर पुढच्या स्फोटापर्यंत त्या अहवालावर धूळ साचत राहते.

रेल्वेचेही तसेच. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल घातल्या म्हणून कळवा आणि बदलापूरला प्रवासी रुळांवर उतरले. मध्य रेल्वेने दहा एसी फेऱ्या मागे घेतल्या. आंदोलन जिंकले. पण वेळापत्रक नेमके कसे असावे, कोणत्या वेळी कोणती गाडी, पासाचे दर काय, ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाल्यावर वाढीव लोकल किती मिळायला हव्या होत्या आणि किती मिळाल्या, हे प्रवाशांच्या बाजूने एका कागदावर असायला हवे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसे खाली पडून मेली. त्यानंतर स्वयंचलित दारांची चर्चा सुरू झाली. बंद दारांच्या साध्या डब्यात हवा कशी खेळणार, दर स्थानकावर दार लागायला किती सेकंद जातील आणि त्याने फेऱ्या किती कमी होतील, कार्यालयांच्या वेळा बदलल्या तर किती गर्दी हलेल : या प्रश्नांची उत्तरे रोज उभ्याने जाणाऱ्यांकडे अधिकाऱ्यांपेक्षा चांगली आहेत. कल्याण-कसारा, कर्जत भागातल्या प्रवासी संघटनांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आहे आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्या तोंडी असलेले ज्ञान कागदावर उतरावे, एवढीच माझी इच्छा.

ठाण्यात हाच प्रश्न घरांच्या बाबतीत येतो. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळच्या लकी कंपाऊंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे दगावली. समूह विकास योजनेच्या मागणीला त्यातून जोर आला. पण योजना आकाराला येऊ लागली तशी गावठाणे आणि कोळीवाडे म्हणू लागले, आम्हाला यातून वगळा. किसननगरच्या जुन्या इमारतीत राहणारा माणूस आणि कोळीवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या अंगण, ओटा असलेल्या घरात राहणारा माणूस, दोघेही ठाणेकर, दोघांनाही पक्के घर हवे. तरी दोघांची भूमिका एका कागदात मावत नाही. आणि ती मावलीच पाहिजे, असा आग्रह धरू नये. ‘समस्त ठाणेकरांच्या वतीने’ असे लिहिलेला कागद मला नेहमी संशयास्पद वाटतो. कोणाच्या वतीने, किती जणांनी, कोणत्या सभेत, कोणत्या तारखेला हे मान्य केले, हे पहिल्या पानावर हवे. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रांचा धडा दीडशे वर्षांनी इतकाच कामाचा आहे. आणि ज्यांनी मान्य केले नाही त्यांचे म्हणणेही शेवटी दोन ओळींत नोंदवले तर कागदाचे वजन वाढते. असहमतीची नोंद असलेला कागद वाचताना वाटते की इथे खरेच चर्चा झाली होती.

लोकांना बोलायची जागा कायद्याने ठेवलेली आहे, हे सांगायला हवे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि त्यांची सुनावणी घ्यावी लागते. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार अनेक मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी लागते आणि तिची किमान तीस दिवसांची नोटीस. या मुदती लहान असतात. आराखडा प्रसिद्ध झाल्यावर विचार करायला बसणारा हरकतीच्या छापील नमुन्यापलीकडे जात नाही. ज्या गटाकडे आधीपासून भूमिकापत्र तयार असते तो त्यातून दहा नेमक्या हरकती चार दिवसांत काढू शकतो. नोव्हेंबर २०२० नंतर कल्याण-डोंबिवलीत आणि मार्च २०२२ नंतर ठाण्यात काही वर्षे निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवकाच्या तोंडून आपले म्हणणे सभागृहाच्या इतिवृत्तात जाण्याची वाट बंद होती. अशा काळात नागरिकांनी स्वतः लिहिलेला, तारीख असलेला, पोच घेतलेला कागद हाच इतिवृत्ताची जागा घेतो.

शिक्षकांना हा प्रकार ठाऊक असेल. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झाला, तेव्हा एनसीईआरटीने एकवीस विषयांवर स्वतंत्र भूमिकापत्रे लिहून घेतली होती. भाषा, गणित, कला, परीक्षा, कामाचे शिक्षण, असे एकेक विषय. मूळ आराखडा आटोपशीर राहिला, कारण वाद, पुरावे आणि पर्याय त्या पत्रांत सविस्तर मांडले होते. आजही परीक्षापद्धतीवर वाद घालताना एखाद्या शिक्षकाला मूळ आराखड्यापेक्षा त्या पत्रात जास्त काही सापडते. महाविद्यालयांत संयुक्त राष्ट्रांच्या अभिरूप सभा भरतात, तिथे मुले एखाद्या दूरच्या देशाच्या वतीने असा कागद लिहितात आणि छान लिहितात. त्याच मुलांनी उल्हास नदीतल्या जलपर्णीवर किंवा वालधुनीच्या पाण्यावर आपल्या शहराच्या वतीने लिहावे, असे मला फार वाटते.

या प्रकारात धोकेही आहेत. बिल्डर, उद्योगसंघ, कंत्राटदार यांच्याकडे सल्लागार असतात, चकचकीत कागद त्यांच्याकडून सहज येतात, आणि आकड्यांनी भरलेला कागद खरा असतोच असे नाही. म्हणून भूमिकापत्र वाचायलाही शिकले पाहिजे : पैसा कोणी दिला, आकडा कोणत्या वर्षाचा, कोणता पर्याय गाळला. मतदारसंघातली लोकसंख्या सांगताना अजून २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला जातो, आणि तेव्हापासून घोडबंदर रोडला, दिव्याला, पलावाच्या बाजूला काय झाले ते आपण डोळ्यांनी पाहतो. जुना आकडा वापरायचा तर तो जुना आहे हे लिहावे. भाषेचाही प्रश्न आहे. मंत्रालयात इंग्रजी कागद जास्त गंभीरपणे वाचला जातो, असा समज बऱ्याच सुशिक्षितांत आहे. राज्याच्या कारभाराची भाषा मराठी आहे. आणि मराठीत लिहिलेला कागद सागावच्या ग्रामस्थालाही वाचता येतो, त्यात आपले म्हणणे नीट आले की नाही हे तपासता येते. इंग्रजी प्रत लागेल तिथे सोबत जोडावी.

एक व्यवहाराची विनंती करून थांबतो. भूमिकापत्र लिहून झाले, दिले, पोच घेतली, की त्याच्या दोन प्रती ग्रंथालयात ठेवा. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. आपापल्या ग्रंथपालांशी बोला, स्थानिक कागदपत्रांसाठी एक कपाट मागा. पहिल्या पानावर तारीख, कितवी आवृत्ती, कोणत्या कार्यालयाला कधी दिली हे लिहा. उत्तर आले तर तेही मागे जोडा, नाही आले तर तसे लिहा. मत बदलले तर नवी आवृत्ती काढा आणि जुनी फेकू नका. सत्तावीस गावांचा प्रश्न पुन्हा उठेल तेव्हा पंचवीस वर्षांची एखादी मुलगी ते कपाट उघडून १९८३ पासून कोण काय म्हणाले ते सलग वाचू शकली पाहिजे, आणि मग पुढचा मसुदा तिने लिहावा.